'द हिल' : वाळूची टेकडी आणि अधिकाराची कसोटी

(व्याख्यानाची संहिता)



युद्धपट म्हटला की रणांगण, तोफांचा गडगडाट आणि समोर उभा ठाकलेला शत्रू असे चित्र डोळ्यांपुढे येते. १९६५ साली प्रदर्शित झालेल्या 'द हिल' या ब्रिटिश चित्रपटाचा काळ दुसऱ्या महायुद्धाचा आहे. परंतु सुमारे दोन तासांच्या या चित्रपटात शत्रूचा एकही सैनिक दिसत नाही. उत्तर आफ्रिकेतील लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिश लष्कराने आपल्याच अपराधी सैनिकांसाठी उभारलेली एक बंदिछावणी, हे या चित्रपटाचे घटनास्थळ होय. येथे पहारा करणारे ब्रिटिश सैनिक आहेत आणि कोठडीत असलेलेही ब्रिटिश सैनिकच आहेत. छावणीच्या मध्यभागी वाळू आणि दगड रचून एक टेकडी उभी केलेली आहे. पाठीवर संपूर्ण सरंजाम घेऊन रणरणत्या उन्हात या टेकडीवर धावत चढावयाचे, दुसऱ्या बाजूने उतरावयाचे, आणि पुन्हा चढावयाचे, ही येथील शिक्षा. या टेकडीवरूनच चित्रपटाला नाव मिळाले आहे.

या छावणीत एका कैद्याचा मृत्यू होतो. त्या मृत्यूला जबाबदार कोण, या एका प्रश्नाभोवती सारा चित्रपट फिरतो. ज्यांच्या हाती कमी-अधिक अधिकार असतो आणि ज्यांच्या सहीने एखाद्या माणसाचे भलेबुरे होऊ शकते, अशा सर्वांनी या प्रश्नाचा विचार करावा, इतके त्याचे मोल आहे.

अनुभवातून आलेली कथा

या चित्रपटाची पटकथा रे रिग्बी यांनी लिहिली. रिग्बी आणि आर. एस. ॲलन यांच्या नाटकावर ती आधारलेली आहे. रिग्बी यांनी महायुद्धाच्या काळात लष्करात नोकरी केली होती आणि लष्करी शिक्षाछावणीतील कैदही प्रत्यक्ष भोगली होती. त्यामुळे या कथेतील दिनक्रम, पहारेकऱ्यांची हुकमी भाषा आणि कैद्यांचे आपापसांतील टोमणे यांना अस्सलपणा लाभला आहे. १९६५ च्या कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक रिग्बी यांना विभागून मिळाले.

दिग्दर्शक सिडनी ल्युमेट हे अमेरिकन होते. १९५७ साली त्यांनी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' हा चित्रपट केला होता. एका बंद खोलीत बारा पंच आरोपीच्या भवितव्याचा निर्णय घेण्यास बसले आहेत, एवढ्याच सामग्रीवर उभारलेली ती कलाकृती जगभर वाखाणली गेली. ल्युमेट यांचे सैनिकी जीवनही येथे लक्षात घेण्याजोगे आहे. महायुद्धात अमेरिकन सैन्यातर्फे रडार दुरुस्तीच्या कामावर त्यांनी भारत आणि ब्रह्मदेश येथे काही काळ काढला होता. म्हणजे लेखक आणि दिग्दर्शक या दोघांनाही लष्करी शिस्तीची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागली नव्हती.

बंदिशाळेमागील इतिहास

या कथेची पार्श्वभूमी समजण्यासाठी ब्रिटिश लष्करातील शिक्षापद्धतीकडे थोडी दृष्टी टाकली पाहिजे. ब्रिटिश सैन्यात अपराधी सैनिकाला फटके मारण्याची शिक्षा १८८१ साली रद्द झाली. तिच्या जागी आघाडीवरील अपराध्याला खांबाला किंवा गाडीच्या चाकाला बांधून ठेवण्याची शिक्षा आली. पहिल्या महायुद्धात ती मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि लोकांच्या टीकेनंतर १९२३ साली तीही बंद झाली. त्यानंतर लष्करी बंदिशाळा हेच शिक्षेचे प्रमुख साधन राहिले. इंग्लंडमधील ऑल्डरशॉट येथील लष्करी तुरुंगाचे छप्पर काचेचे होते. त्यावरून सैनिकांच्या बोलीत अशा प्रत्येक बंदिशाळेला 'ग्लासहाउस', म्हणजे काचघर, असे नाव पडले.

या बंदिशाळांमागे एक निश्चित विचार होता, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. आघाडीवर सैनिक प्राण पणाला लावून लढत असताना अपराध्याला सुखाची कोठडी मिळाली, तर अपराध हाच बचावाचा मार्ग ठरेल. म्हणून कैद ही आघाडीपेक्षा सुखाची असता कामा नये. शिवाय युद्धकाळात प्रत्येक सैनिक मोलाचा असल्यामुळे कैद्याला लवकरात लवकर सुधारून पलटणीत परत पाठविणे हाही हेतू होता. कठोर शिस्तीचे समर्थन या दोन मुद्द्यांवर होत असे.

परंतु कठोरपणाची मर्यादा कोणी सांभाळावयाची, हा प्रश्न प्रत्यक्षातही उपस्थित झाला होता. १९४३ साली इंग्लंडच्या केंट परगण्यातील जिलिंगहॅम येथे फोर्ट डार्लंड नावाच्या लष्करी बंदिशाळेत एका आजारी सैनिक-कैद्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. दोन पहारेकरी अंमलदारांवर सदोष मनुष्यवधाचा आरोप सिद्ध झाला. भर युद्धकाळात ब्रिटिश सरकारला न्यायमूर्ती ऑलिव्हर यांच्या अध्यक्षतेखाली सर्व लष्करी व आरमारी बंदिशाळांची चौकशी करावी लागली. 'द हिल'ची कथा या घटनेवर बेतलेली नाही. तिचे स्थळ आणि पात्रे निराळी आहेत. तथापि चित्रपटातील प्रसंग केवळ कल्पनेचा खेळ नव्हता, हे त्या घटनेवरून ध्यानात येते.

पाच कैदी आणि एक टेकडी

छावणीत एके दिवशी पाच नवे कैदी दाखल होतात. त्यांतील प्रमुख जो रॉबर्ट्स. रणगाडा दलातील हा जुना, अनुभवी अंमलदार. निश्चित मृत्यूच्या खाईत आपल्या माणसांना लोटण्याचा हुकूम त्याने मानला नाही आणि वरिष्ठावर हात उगारला, म्हणून लष्करी न्यायालयाने त्याला शिक्षा दिली. दुसरा जॉर्ज स्टीव्हन्स. कारकुनी पेशाचा, हळव्या मनाचा, पत्नीच्या ओढीने पलटण सोडून पळालेला. तिसरा जॅको किंग. वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय सैनिक, मद्याची चोरी करून पकडला गेलेला. चौथा बार्टलेट, लष्कराचा माल परस्पर विकणारा सराईत. पाचवा मॅकग्रा; दारूच्या नशेत लष्करी पोलिसांशी मारामारी करणारा स्कॉटिश गडी. पाचही जण अपराधी आहेत आणि चित्रपट ते कोठेही लपवीत नाही. अपराध्याला शिक्षा द्यावी की नाही, हा येथे वादाचा मुद्दाच नाही.

छावणीचा खरा कारभारी आहे रेजिमेंटल सार्जंट मेजर विल्सन. आपल्याकडील सुभेदार-मेजराच्या तोलाचा हा माणूस. त्याची वर्दी कडक, आवाज दणदणीत आणि नियमपुस्तिका मुखोद्गत. वाया गेलेला शिपाई आधी पुरता मोडावा आणि मग नव्याने घडवावा, अशी त्याची श्रद्धा आहे. विल्सन भ्रष्ट नाही, आळशी नाही, त्याला कोणताही वैयक्तिक लाभ नको आहे. आपण राष्ट्राची सेवा करीत आहोत, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र संशय नाही. हॅरी अँड्र्यूज यांनी ही भूमिका अशा ताकदीने केली आहे, की प्रेक्षक त्याचा तिरस्कारही करू शकत नाही आणि त्याच्याशी सहमतही होऊ शकत नाही.

विल्सनच्या हाताखाली स्टाफ सार्जंट विल्यम्स हा अंमलदार नुकताच रुजू झाला आहे. मुलकी तुरुंगातील नोकरीचा त्याला अनुभव आहे. त्याला वरिष्ठांच्या नजरेत भरावयाचे आहे आणि दुसऱ्याला वाकविण्यात त्याला सुखही वाटते. नियमात बसणारी शिक्षा तो नियमाबाहेर कधी नेतो, हे इतरांच्या लक्षात येईपर्यंत उशीर होतो. नव्या पाच कैद्यांना तो टेकडीवर पुन्हा पुन्हा पिटाळतो. दुबळ्या स्टीव्हन्सवर त्याचा विशेष रोख असतो. इतर थांबले तरी स्टीव्हन्सला तो थांबू देत नाही. त्याच्या तोंडावर विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चढवून त्याला उन्हात धावावयास लावतो. अखेर स्टीव्हन्स मरण पावतो. रॉबर्ट्स उघडपणे म्हणतो, हा खून आहे, आणि त्याची चौकशी झाली पाहिजे.

सह्यांची साखळी

येथून चित्रपट आपल्या मुख्य विषयाकडे वळतो. विल्यम्स दोषी आहे, हे प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु एक दुष्ट माणूस एवढे करू शकला कसा? या प्रश्नाचे उत्तर दिग्दर्शक एकेका पात्राच्या द्वारे देत जातो.

प्रथम वैद्यकीय अधिकारी. मायकेल रेडग्रेव्ह यांनी रंगविलेला हा डॉक्टर स्वभावाने सज्जन, पण मनाने दुबळा आहे. नवे कैदी त्याच्यापुढे तपासणीस उभे राहतात, तेव्हा विल्सन शेजारीच असतो. तपासणी वरवर उरकली जाते आणि सर्व कैदी धडधाकट असल्याचा शेरा पडतो. त्या शेऱ्यामुळे टेकडीची वाट मोकळी होते. स्टीव्हन्सच्या मृत्यूनंतर डॉक्टरचे मन त्याला खाऊ लागते आणि तो तोंड उघडण्याची भाषा करतो. त्या वेळी विल्सन त्याला त्याच्याच शेऱ्याची आठवण करून देतो. प्रकरण बाहेर गेले तर आपण सारे एकाच नावेत आहोत, असा त्याच्या बोलण्याचा रोख असतो. ज्या शेऱ्याने डॉक्टरने आपले काम सोपे केले, त्याच शेऱ्याने आता त्याची जीभ बांधली गेली आहे.

दुसरा छावणीप्रमुख, म्हणजे कमांडंट. कायद्याने सारी सत्ता त्याची. प्रत्यक्षात तो समोर आलेल्या कागदावर सही करण्यापुरता उरला आहे. तो क्रूर नाही; छावणीत काय चालते याची त्याला फिकीर नाही, एवढेच. विल्सन त्याच्यापुढे कागद ठेवतो आणि तो सही करतो. कागदात काय आहे हे पाहण्याची सवय त्याने केव्हाच सोडलेली आहे. सत्ता अशी खाली सोडून दिली की ती रिकामी पडून राहत नाही. जो उचलील त्याची ती होते. या छावणीत ती विल्सनने उचलली, आणि विल्सनच्या पाठीशी उभे राहून विल्यम्सने तिचा वापर केला.

तिसरा स्टाफ सार्जंट हॅरिस. इयान बॅनन यांनी ही भूमिका केली आहे. हॅरिस कैद्यांशी माणुसकीने वागतो, त्यांच्याशी विनोद करतो, विल्यम्सचा अतिरेक त्याला दिसतो आणि खटकतोही. परंतु त्याचा विरोध बराच काळ कुरकुरीच्या पुढे जात नाही. तो मृत्यूनंतर ठाम होतो. त्याचा ठामपणा खरा आहे, पण स्टीव्हन्सच्या तो उपयोगी पडत नाही.

आणि सर्वांत शेवटी विल्सन. एखाद्या विचारी माणसाला येथे विल्सनची बाजू घेण्याचा मोह होईल. मृत्यू त्याने घडविला नाही, त्याची तशी इच्छाही नव्हती. परंतु मृत्यू घडल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. नियम हा त्याच्या आयुष्याचा धर्म. मृत्यूची चौकशी करा, असे नियमच सांगतो. मात्र चौकशी झाली तर छावणीचा बोभाटा होईल, आपल्या माणसाला बाधा येईल. विल्सन नियम सोडतो आणि आपल्या माणसाला जवळ करतो. आयुष्यभर शिस्तीच्या नावाने वागलेला माणूस या एका क्षणी शिस्तीपेक्षा संस्थेची अब्रू मोठी मानतो, आणि त्यातच तिची अब्रू जाते.

जमावाचा प्रसंग

स्टीव्हन्सच्या मृत्यूची वार्ता पसरताच छावणीतील शेकडो कैदी खवळतात. घोषणांनी आसमंत दुमदुमतो. पहारेकरी मूठभर, कैदी अगणित. अशा वेळी विल्सन त्या जमावात एकटा उतरतो. हातात शस्त्र नाही. आहे तो केवळ आवाज, धाक आणि माणसे ओळखण्याची कला. कोठे दरडावून, कोठे थट्टा करून, कोठे चुचकारून तो त्या संतापाची धार बोथट करीत नेतो. अखेर जे खून झाला म्हणून ओरडत होते, तेच त्याच्या हुकमाबरोबर पांगतात.

कार्यक्षम प्रशासकाचा नमुना म्हणून हा प्रसंग कोणी दाखवू शकेल, इतका तो प्रभावी आहे. गोळी झाडली गेली नाही, कोणाचे रक्त सांडले नाही. परंतु प्रेक्षकाच्या मनात एक प्रश्न रेंगाळत राहतो. शांतता प्रस्थापित झाली. तक्रारीचे काय झाले? जमाव ज्या कारणासाठी उठला होता, ते कारण जागच्या जागीच राहिले आहे. असंतोष शमविणे आणि अन्याय दूर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली की दुसरीची गरज उरली नाही, असे मानण्याची सवय अनेक कार्यालयांना असते.

शोकांतिकेचा शेवट

रॉबर्ट्स आपली तक्रार मागे घेत नाही. त्याला मारहाण होते, तो जायबंदी होतो. तरीही तो बधत नाही. किंगवर त्याच्या वर्णावरून अपमानाचा वर्षाव होत आलेला असतो. अखेर तो अंगावरची वर्दी उतरवून फेकून देतो आणि या लष्कराशी आपला संबंध संपला, असे जाहीर करून थेट कमांडंटच्या कचेरीत जातो. वर्दी उतरविलेल्या माणसाला हुकूम कसा द्यावयाचा, हे कोणालाच कळेनासे होते. ऑसी डेव्हिस यांनी साकारलेला हा प्रसंग वरकरणी विनोदी वाटतो. त्याच्या तळाशी वर्षानुवर्षांचा संताप आहे.

हळूहळू डॉक्टर धीर एकवटतो, हॅरिस त्याच्या बाजूने उभा राहतो आणि चौकशीचा मार्ग मोकळा होऊ लागतो. रॉबर्ट्सचा विजय दृष्टिपथात येतो. नेमक्या त्याच वेळी विल्यम्स जायबंदी रॉबर्ट्सच्या कोठडीत शिरतो. किंग आणि मॅकग्रा संतापाने विल्यम्सवर तुटून पडतात. अंथरुणावरून हलू न शकणारा रॉबर्ट्स त्यांना थांबण्यासाठी ओरडत राहतो. त्यांनी हात उचलला की फिर्यादी आरोपी होणार आणि खुनाचे प्रकरण कैद्यांच्या दंग्याखाली गाडले जाणार, हे त्याला कळून चुकले आहे. त्याच्या या ओरडण्यावर चित्रपट संपतो.

हा शेवट प्रथमदर्शनी निराशाजनक वाटतो. परंतु त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. किंग आणि मॅकग्रा मूर्ख नाहीत. न्याय मिळेल असा अनुभव त्यांना या छावणीत एकदाही आलेला नाही. मग तो मिळण्याच्या क्षणी त्यांनी धीर धरावा, ही अपेक्षा कोणत्या बळावर करावयाची? तक्रारीची दाद वेळेवर लागत नाही, तेथे माणसांचा कायद्यावरील विश्वास आटतो, आणि पुढे कायदा खरोखर मदतीला आला तरी त्यांना तो ओळखू येत नाही.

मांडणीतील संयम

चित्रपटाच्या तंत्राबद्दल थोडे सांगितले पाहिजे. छायाचित्रण कृष्णधवल आहे. छायाचित्रकार ऑस्वल्ड मॉरिस यांना या कामाबद्दल ब्रिटिश चित्रपट अकादमीचे पारितोषिक मिळाले. चित्रीकरण स्पेनच्या दक्षिण भागातील अल्मेरियाच्या रखरखीत परिसरात झाले आणि तेथील ऊन पडद्यावर अक्षरशः जाणवते. आरंभीच्या दृश्यात टेकडीवर कोसळणारा एक कैदी दिसतो. मग कॅमेरा मागे मागे जातो आणि संपूर्ण छावणी एका नजरेत येते. संपूर्ण चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. बुटांचे आवाज, हुकूम, धापा आणि आरोळ्या हेच त्याचे संगीत. प्रेक्षकाने कोठे हळहळावे, हे सांगणारे वाद्य दिग्दर्शकाने जाणूनबुजून वगळले आहे.

रॉबर्ट्सची भूमिका शॉन कॉनरी यांची. जेम्स बाँडच्या चित्रपटांमुळे ते त्या वेळी लोकप्रियतेच्या शिखरावर होते. 'गोल्डफिंगर' आदल्याच वर्षी, १९६४ साली, प्रदर्शित झाला होता. त्या झगमगाटातून बाहेर पडून त्यांनी घामाने माखलेल्या कैद्याची भूमिका स्वीकारली. ल्युमेट यांच्याबरोबर त्यांनी पुढे आणखी चार चित्रपट केले. ल्युमेट २०११ साली आणि कॉनरी २०२० साली निवर्तले.

आजच्या काळातील मोल

या चित्रपटानंतर जगाने बंदिवानांच्या वागणुकीचे नियम अधिक काटेकोर केले. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९५५ चे किमान नियम १७ डिसेंबर २०१५ रोजी सुधारून स्वीकारण्यात आले आणि त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव देण्यात आले. तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्याने शिस्तभंगाची शिक्षा ठरविण्यात कोणताही भाग घेऊ नये. छळाची चिन्हे आढळल्यास त्यांची नोंद करून ती सक्षम अधिकाऱ्याला कळवावी, असे या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. 'द हिल'मधील डॉक्टर जेथे घसरला, त्याच जागी हा कठडा बांधलेला आहे.

कठडा असला तरी चालणाऱ्याने पाहून चालावे लागते. म्हणून प्रशासकीय प्रशिक्षणवर्गात, अध्यापक विद्यालयात किंवा लोकप्रतिनिधींच्या शिबिरात हा चित्रपट दाखविला गेल्यास तो उपयुक्त ठरेल. चित्रपटानंतर चर्चेसाठी एकच प्रश्न पुरे : स्टीव्हन्सचा मृत्यू कोणकोणत्या टप्प्यांवर टळू शकला असता? डॉक्टरने कैद्यांची नीट तपासणी केली असती तर. कमांडंटने आठवड्यातून एकदा जरी टेकडीपर्यंत स्वतः चालत जाऊन पाहिले असते तर. हॅरिसने आपली नापसंती पहिल्याच दिवशी लेखी नोंदविली असती तर. विल्सनने नव्या अंमलदाराला मोकळे रान देण्यापूर्वी त्याची पारख केली असती तर. या चारही गोष्टींसाठी असामान्य धैर्य लागत नव्हते, नवा कायदा लागत नव्हता, की जादा खर्चाची तरतूद लागत नव्हती. प्रत्येकाने आपल्या पगाराचे नेमून दिलेले काम केले असते, तरी तो कारकून शिक्षा भोगून जिवंत बाहेर पडला असता.